नऊच्या मागचा नऊ

१

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली की ऊना टेबल पुसायची आणि मी माझी पेटी काढायचो. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे. तिथला उजेड संथ, सावली न पाडणारा. नाणी बघायला त्याच्याइतका चांगला उजेड नाही. टेबलावर जुना टॉवेल अंथरायचा, उजव्या डोळ्याला भिंग लावायचं आणि एकेक सेंट उचलायचं.

१८५९ची सेंटं. आमच्या कॅनडा प्रांतासाठी लंडनमध्ये पाडलेली, एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला मेपलच्या पानांची वेल. जवळजवळ कोटभर पाडली. त्यामुळे आमच्या ऑन्टारियोत जुन्या घराच्या फरशीखालीही सापडतात आणि त्यांना फारशी किंमत नाही. पण त्या कोटभर नाण्यांसाठी साचे लागले, आणि साच्यावरचे आकडे कारागीर हाताने ठोकत. आकडा नीट उठला नाही की त्याच जागी परत ठोकायचा. तेव्हा हात केसभर सरकला, तर नव्या नऊच्या मागून जुन्या नऊची कड डोकावत राहते. असा साचा लवकर बाद होई, म्हणून तसली सेंटं दुर्मिळ. मी एकतीस वर्षं त्या कडा शोधत होतो. त्याआधी पोस्टात पत्रं निवडायचो. माणसाची खोड कुठे जाते!

आमच्या नादात एक अक्कल मात्र लागते, ती तोंडावर ताबा ठेवण्याची. विकणाऱ्याच्या पेटीत दुर्मिळ नाणं दिसलं तर तोंडावरची रेष हलू द्यायची नाही. ते परत ठेवायचं, आणखी चार फालतू उचलायची, त्यांच्यासोबत तेही घ्यायचं. आपल्या डोळ्यांनी कमावलेलं असतं, त्याला आम्ही चोरी म्हणत नाही.

२

मार्चमधल्या एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार होता. ऊना तिथल्या स्वयंपाकघरात बायकांबरोबर टार्ट विकत होती आणि मी मर्डो टिलीच्या टेबलापाशी त्याची पेटी उपसत होतो. मर्डो माझा जुना दोस्त. गावात या सेंटांतलं माझ्याइतकं कळणारा तो एकटाच.

"काय लॉर्न, सापडलं का काही?"

"डोंबल सापडतंय. सगळी झिजून गुळगुळीत झालीत."

"मग तासभर काय उवा वेचतोयस त्यांच्या?"

"ऊनाला वेळ आहे अजून. बसलोय झालं."

माझ्या बोटांत तेव्हा दोनदा ठोकलेला नऊ होता, आणि इतका स्वच्छ मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. मी जांभई दिली आणि त्याच्यासकट सहा सेंटं घेतली.

गाडीत बसल्यावर ऊना म्हणाली, "सापडलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"कळलं कुठे? विचारलं. तुझ्या तोंडावरून कळत असतं तर चव्वेचाळीस वर्षं मी विचारत कशाला बसले असते?"

ती हसत म्हणाली, पण हे आमच्यातलं जुनं दुखणं आहे. ग्रेटाच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता, डंकन. दोन दिवस जगला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर ऊनाने मला थांबवून विचारलं होतं, "तुला काहीच होत नाही का रे?" मला काय होत होतं ते मलाच ठाऊक. पण चेहरा मख्खच राहिला. तेव्हा तर मी नाण्यांच्या नादालाही लागलो नव्हतो. मूळचाच तसा आहे मी.

३

त्याच आठवड्यात आवाज सुरू झाला.

ऊनाने किटलीवर झाकण ठेवलं, ठक. आणि लगेच मागोमाग आणखी एक, हलका. मी मान वर केली. झाकण किटलीवर होतं आणि ऊनाचा हात बाजूला. म्हटलं, झाकण डुगडुगलं असेल. मग ती जिना चढली, तर प्रत्येक पायरी दोनदा करकरली. लाकूड जुनं आहे, आपण कुरकुरतो तसं तेही कुरकुरणार. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

पण मी चढलो तेव्हा पायरी एकदाच करकरली. मी मुद्दाम खाली उतरून परत चढलो. एकदाच. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

शनिवारी मी टॉवेल अंथरला. मर्डोकडचं नवं सेंट बराच वेळ बघितलं, नऊच्या पोटामागे जुन्या नऊचं पोट, नखाच्या कापलेल्या तुकड्याएवढं. मग भिंग काढून डोळे चोळले आणि ऊनाकडे बघितलं. ती सिंकपाशी उभी राहून बटाटे सोलत होती, पाठमोरी, मान थोडी वळलेली.

तिच्या कानामागे आणखी एका कानाची कड होती.

कानाची, जबड्याची, मग खांद्याची. करड्या स्वेटरच्या बाहीमागे त्याच करड्या स्वेटरची बारीक कोर. तिने हात हलवला, कोर हलली, किंचित उशिरा. बटाट्याची साल सिंकमध्ये पडली आणि आवाज आला दोनदा.

आणि मी काय केलं? मी जांभई दिली.

ऊनाने वळून विचारलं, "झोप आली वाटतं?"

"नाही गं. डोळे शिणलेत."

४

मला लाज वाटते, पण लपवून आता काय करायचंय? भीतीच्या खाली मला आनंदही झाला होता. एकतीस वर्षं कडा शोधणाऱ्या माणसाला कड दिसली होती. कुणाला सांगायचं नाही, हात लावायचा नाही, आधी नीट बघून घ्यायचं, ही सवय. मी वहीत नोंदी करायला लागलो. नाव लिहिलं नाही, सेंटांच्या नोंदींतच तारीख घालून लिहायचो. 'सरक डावीकडे, केसभर.' दहा दिवसांनी, 'सरक डावीकडे, करंगळीभर.' सायबा, जिच्याबरोबर संसार केला तिची मापं काढत बसलो होतो मी!

आमच्या धंद्यात एक नियम आहे, त्याला अपवाद नाही. दोनदा ठोकलेल्या आकड्यात वरचा असतो तो नंतरचा. ठसठशीत, पूर्ण, डोळ्यात भरणारा. मागे कडेकडेने उरतो तो पहिला, मूळचा.

हे मला माहीत होतं. पण माझ्या घरातही तोच नियम लागू आहे, हे लख्खपणे ध्यानात यायला एप्रिल उजाडला. ऊना फोनवर ग्रेटाशी बोलत होती. आमची मुलगी लंडनला असते, म्हणजे आमच्या ऑन्टारियोतल्या लंडनला, दीड तासावर. ग्रेटाने काहीतरी सांगितलं आणि ऊना मान मागे टाकून हसली.

मागची हसली नाही.

तोवर ती नेहमी वरचीच्या मागून तेच करायची. त्या दिवशी ती तशीच राहिली, एव्हाना अर्धा चेहरा दिसण्याइतकी सरकलेली. एक डोळा, अर्धं तोंड, थकलेलं. तो डोळा माझ्याकडे बघत होता. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होता. मग तिचे ओठ हलले. एकच शब्द, दोनतीनदा. आवाज आला नाही, कारण वरची हसतच होती.

माझं तोंड दगडासारखं झालं. मी ठरवून केलं नाही, देवाशपथ. आयुष्यभराचं वळण. ती क्षणभर तशीच बघत राहिली, आणि मग तिने चेहरा वळवून घेतला.

डंकनच्या वेळी पायऱ्यांवर तिने असाच वळवला होता. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

५

मर्डोला मी सगळं सांगणार होतो. निदान तसं ठरवून त्याच्या दुकानात गेलो होतो. पण तिथे गेल्यावर धीर झाला नाही, म्हणून नाणी काढली. गेल्या दोन महिन्यांत सापडलेले दोनदा ठोकलेले बारा नऊ त्याच्यापुढे ओळीने मांडले.

त्याने एकेक भिंगाखाली धरलं. बराच वेळ लावला. मग चार डावीकडे सारली, आठ उजवीकडे.

"ही चार खरी. हरामखोरा, हे एक माझ्याच पेटीतलं ना?"

"आणि ती आठ?"

"ती साधी आहेत, लॉर्न."

"नीट बघ. नऊच्या मागे..."

"काही नाहीये मागे." त्याने भिंग खाली ठेवलं. चेष्टा करायचं सोडून तो हळू आवाजात म्हणाला, "डोळे दाखव बाबा कुणाला तरी. आपली वयं झाली."

एखाद्या माणसाला यात अपमान वाटला असता. मला रडू फुटायची वेळ आली होती, सुटलो म्हणून. डोळेच! नाण्यांवरही दोन नऊ दिसतात, बायकोच्याही दोन दिसतात, म्हणजे दोष बघणाऱ्यात. घरी जाऊन ऊनाला म्हटलं, मला एका दिव्याचे दोन दिवे दिसतात. तिने लगेच डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. स्वतः घेऊन गेली.

डॉक्टर लेव्हेक माझ्या डोळ्यांत उजेड टाकून म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. उजवा जास्त पिकलाय. यात एका वस्तूच्या दोन दिसतात, काळजी करू नका. आधी उजवा करू, महिन्याभराने डावा."

मग त्यांनी विचारलं, "दिवे, पाट्या, अक्षरं, एवढंच दिसतं ना दोनदा?"

"एवढंच," मी म्हणालो.

ऊना शेजारच्या खुर्चीवर होती. मागची तिच्यापासून वीतभर सरकली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच्या सुयाचिमट्यांच्या तबकाकडे बघत होती.

बाहेर पडताना दार दोनदा लागलं. कानांनाही मोतीबिंदू होतो का, हे विचारायचं मी विसरलो. विसरलो कसला, विचारलं नाही.

६

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया बारा मिनिटांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. डावा अजून धुकटच होता, नव्या उजव्यापुढे त्याचं काही चालेना, म्हणून मी जे पाहिलं ते फक्त नव्या डोळ्याने.

काय सांगू! भांड्यांवरची नक्षी, खिडकीच्या जाळीवरची धूळ, सगळं धुऊन ठेवल्यासारखं. टेबलावर ती बारा सेंटं मांडली. चार दुहेरी, आठ साधी. मर्डो अगदी बरोबर होता.

मग ऊना चहा घेऊन आली. एकटी. कानामागे काही नाही, खांद्यामागे काही नाही. कप टेबलावर ठेवला, एकच आवाज. मी तिचा हात धरला आणि ढसाढसा रडलो असतो, जर मला तसं रडता येत असतं.

तिने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "आता एकच दिसते ना मी?"

हात हातातच राहिला. मी दिव्यांचंच बोललो होतो, ती दोन दिसते हे कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रेटाला नाही, मर्डोला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही. वहीत तिचं नाव नव्हतं.

"एकच," मी म्हणालो.

"छान झालं," ती म्हणाली.

७

त्यानंतरचे तीन आठवडे घरात एकही गोष्ट चुकली नाही. माझी ऊना चष्मा हरवायची. फ्रीजमध्ये किल्ल्या ठेवून घरभर शोधायची, शब्दकोड्यात एक शब्द अडला की मला आणि कोडं करणाऱ्याला दोघांनाही शिव्या घालायची. आता चष्मा जागेवर, किल्ल्या खिळ्याला. कोडं सकाळी सुरू करून सलग भरून टाकायची.

ग्रेटा रविवारी आली. "आई काय मस्त दिसतेय आजकाल! दहा वर्षं कमी झाल्यासारखी."

मी तिला मागच्या अंगणात नेलं. "ग्रेटा, मला डावा डोळा नाही करायचा."

"का? एवढा चांगला झाला की उजवा."

"नको वाटतं."

"बाबा, कंटाळा काय करतोस? आईने सगळं ठरवलंय, मी सुट्टी टाकलीय." मग तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "भीती वाटतेय का? सांग ना. तुझ्या तोंडाकडे बघून काही कळेल तर शपथ."

सांगणार काय? की तुझी आई तुझी आई नाही? तिने मला गाडीत घालून वेगळ्याच डॉक्टरांकडे नेलं असतं, आणि तिच्या जागी मीही तेच केलं असतं. घरात खिडकीपाशी ऊना उभी राहून आमच्याकडे बघत होती. काचेपलीकडून तिने हात हलवला.

दुसऱ्या आवाजाचं सांगायचं राहिलं. तो थांबला नव्हता, फक्त लांब गेला होता. ऊना स्वयंपाकघरात कप ठेवायची, आणि मग तळघराच्या बाजूने कुठून तरी, जरा वेळाने, कप ठेवल्याचा आवाज यायचा. मी तळघरात जाऊन आलो. लोणच्यांच्या बरण्या होत्या, दुसरं काही नव्हतं. पण मी नवा डोळा घेऊन गेलो होतो.

८

काल बुधवार. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर पावसाचं पाणी पन्हळीतून गळत होतं. ऊना टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. मी तिच्यासमोर बसलो होतो, टॉवेल अंथरून, एक सेंट हातात धरून. वाटाणे भांड्यात पडायचे. मग तळघराच्या जिन्यावरून वाटाणे पडल्याचा आवाज यायचा.

मी डोळे चोळायच्या निमित्ताने उजवा डोळा तळव्याने झाकला.

डाव्या डोळ्याने सगळं धुकट, पिवळट. टेबलाशी ऊना एकच होती. मग माझी नजर तळघराच्या दाराकडे गेली. दार हातभर उघडं होतं. वरून दुसऱ्या पायरीवर करड्या स्वेटरमधली माझी बायको बसली होती. आता कड नव्हती, कोर नव्हती, अख्खी होती. मांडीवर हात धरून, नसलेल्या शेंगांतून नसलेले वाटाणे सोलत होती. अंग झिजल्यासारखं झालं होतं तिचं, नाकडोळे पुसट. तिला ते काम थांबवता येत नव्हतं हे तिच्या बोटांवरून दिसत होतं.

तिने मान वर केली.

या वेळी मी आवरलं नाही. चव्वेचाळीस वर्षांत दोनदा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं होतं आणि दोनदा तिथे काही नव्हतं. तिसऱ्यांदा मला तसं करायचं नव्हतं. माझे ओठ थरथरले, गाल ओघळल्यासारखे झाले, पाणी आलं. तिला दिसलं. तिने माझा चेहरा वाचला, मी सांगतो, संसारात पहिल्यांदा.

आणि ती मान हलवायला लागली. डावीउजवीकडे, जोरजोरात. ओठ पुन्हा तोच एक शब्द बोलत होते, एप्रिलमध्ये फोनच्या वेळी बोलत होते तोच. आज अख्खं तोंड दिसत होतं, म्हणून कळला.

नको. नको. नको.

दाखवू नको, हेच ती तेव्हापासून सांगत होती. तेव्हा तिने चेहरा वळवला होता तो रागाने नव्हे. मी मख्ख राहिलो म्हणून ती निर्धास्त झाली होती.

समोर वाटाणे पडायचे थांबले. ऊनाने हातातली शेंग खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे बघत होती ती, शांतपणे, मी एखादं सेंट बघतो तसं. मग तिने मागे वळून तळघराच्या दाराकडे बघितलं. तिला तिथे काही दिसलं की नाही, मला माहीत नाही.

"तर डाव्याने अजून दिसतं तुला," ती म्हणाली.

ती उठली, जाता जाता तळघराचं दार लावून घेतलं आणि दवाखान्याला फोन केला. अगदी गोड आवाजात बोलली. यांना फार त्रास होतोय हो, बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी येतं, जरा आधी नाही का होणार? मग तिने हाताने फोन झाकून मला सांगितलं की शुक्रवारी सकाळची एक जागा नुकतीच रिकामी झाली आहे.

"जायचं ना?"

मी नाही म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण तळघराच्या बंद दाराला आतून काहीतरी हलकेच लागलं, आणि ऊनाने फोन कानाला लावला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी चेहरा परत जागेवर आणायचा प्रयत्न केला. तो येईना. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो माझं ऐकत नव्हता.

"हो म्हणतात ते," ऊनाने फोनमध्ये सांगितलं.